लिनक्सची थोरली-धाकटी गावे

भोर तालुक्यात वरवे बुद्रुक आहे, तसे वरवे खुर्दही आहे. बुद्रुक म्हणजे थोरले, खुर्द म्हणजे धाकटे. दोन्ही शब्द फारसीतून आलेले. नाव एक, पण गावे दोन आणि कारभार वेगळा. लिनक्सची कुळकथा मला अशीच वाटते.

हेलसिंकीच्या लिनस टॉरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, लिहून सर्वांना खुला केला. पण नुसत्या गाभ्यावर रोजचे काम होत नाही. त्याला लेखनाचे, छपाईचे, इंटरनेटचे प्रोग्रॅम जोडून तयार संच करावा लागतो. हा संच म्हणजे ‘डिस्ट्रिब्युशन’. १९९३ मध्ये स्लॅकवेअर आणि डेबियन आले, पाठोपाठ रेड हॅट. २००३ मध्ये रेड हॅटमधून फेडोराने वेगळी चूल मांडली. डेबियनमधून २००४ मध्ये उबुंटू निघाले, उबुंटूमधून २००६ मध्ये मिंट. आपल्या सी-डॅकने २००७ मध्ये आणलेली ‘बॉस’ प्रणालीही डेबियनच्याच घराण्यातली.

हा प्रश्न आज घरोघरी आला आहे. विंडोज १० ची नेहमीची सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. नवी आवृत्ती न चालणारे, पण धडधाकट असलेले कितीतरी संगणक घरांत आणि शाळांत आहेत. ते भंगारात का घालायचे?

मग निवड कशी करावी? गावाचा कारभार पाहावा. डेबियन स्वयंसेवक चालवतात. ते सावकाश बदलते आणि स्थिर राहते. फेडोराची नवी आवृत्ती साधारण सहा महिन्यांनी येते. नव्याची हौस असलेल्यांना ते मानवते. उबुंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला पाच वर्षे सेवा मिळते. विंडोजची सवय झालेल्याला मिंट लवकर हाताशी बसते.

मराठी माणसाने आणखी एक कसोटी लावावी. भोरच्या दऱ्या वेगळ्या आणि कोकणचा दर्या वेगळा! हा फरक अक्षरात नीट उमटायला हवा. रेड हॅटने २००४ मध्ये ‘लोहित’ हे भारतीय लिप्यांचे फाँट खुले केले, तेव्हापासून लिनक्सवरचे मराठी लेखन पुष्कळ सुकर झाले.

यांपैकी बहुतेक संच पेन ड्राइव्हवरून, संगणकातले काही न पुसता चालवून पाहता येतात. माझा सल्ला एवढाच, की आधी पेन ड्राइव्हवरून सुरू करा, ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ टाइप करून पाहा, प्रिंटर चालतो का तेही बघा. मगच त्या गावात बिऱ्हाड करा.