हाऊस संगीताचा उदय आणि फ्रँकी नकल्स : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

अमेरिकन शहरी संस्कृतीच्या इतिहासात हाऊस संगीताकडे केवळ करमणुकीचा प्रकार म्हणून पाहता येत नाही. १९७७ मध्ये न्यूयॉर्कचे डीजे फ्रँकी नकल्स शिकागोतील ‘वेअरहाऊस’ क्लबमध्ये रुजू झाले. ‘हाऊस’ हे नाव याच क्लबवरून पडले असे सर्वसाधारणपणे मानले जाते. कृष्णवर्णीय व लॅटिनो समलिंगी तरुणांना अन्यत्र नाकारला जाणारा मोकळेपणा येथे लाभत असे.

१२ जुलै १९७९ रोजी त्याच शहरातील कोमिस्की पार्क मैदानावर डिस्कोच्या ध्वनिमुद्रिका स्फोटाने उडविण्यात आल्या. पुढे मोठ्या कंपन्यांनीही डिस्कोकडे पाठ फिरविली. नकल्स यांनी मात्र हे संगीत सोडले नाही. टेपवर फेरजुळणी करून त्यांनी गाण्यांचा ठेका लांबविला व कालांतराने त्यास ड्रम मशीनची जोड दिली. त्यांना रोलंड टीआर-९०९ हे यंत्र विकले ते डेट्रॉईटच्या टेक्नो संगीताचे एक प्रवर्तक डेरिक मे यांनी. हाऊस व टेक्नो या परंपरांचे नाते या व्यवहारातून स्पष्ट होते.

नकल्स २०१४ मध्ये निवर्तले. २०२३ मध्ये शिकागोने वेअरहाऊसच्या इमारतीस वारसा दर्जा दिला. बाजाराने टाकून दिलेली कला रसिकाच्या निष्ठेने तगते आणि राजमान्यता तिच्यामागून येते, हेच या इतिहासातून सिद्ध होते.