चित्रांतून परतलेला राजाचा स्पॅनियल

१/ इंग्लंडच्या ज्या दुसऱ्या चार्ल्सला १६६१ च्या विवाहकरारानुसार पोर्तुगीजांकडून मुंबई आंदण मिळाली, त्याचेच नाव एका चिमुकल्या कुत्र्याने धारण केले आहे. मात्र आजचा ‘कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल’ त्या काळापासून अखंड चालत आलेला नाही. विसाव्या शतकात जुनी चित्रे समोर ठेवून तो पुन्हा घडवला गेला.

२/ स्पॅनियल मुळात शिकारी कुत्रे. झुडपांत दडलेले पक्षी उठवणे हे त्यांचे काम. त्यांचे लहान रूप युरोपच्या दरबारांत लाडके झाले. दुसऱ्या चार्ल्सला त्यांचा विलक्षण लळा होता. राजा कौन्सिलच्या बैठकीतही कामकाज सोडून कुत्र्याशी खेळतो, अशी नाराजी सॅम्युअल पीप्सने १६६७ मध्ये आपल्या रोजनिशीत नोंदवली.

३/ एकोणिसाव्या शतकात अभिरुची पालटली. चपटे नाक आणि घुमटासारखे डोके यांना मागणी आली. चित्रांतील लांब तोंडाचा स्पॅनियल जवळजवळ दिसेनासा झाला.

४/ १९२६ मध्ये रॉसवेल एल्ड्रिज या अमेरिकन गृहस्थाने लंडनच्या क्रफ्ट्स श्वानप्रदर्शनात जुन्या धाटणीच्या स्पॅनियलसाठी २५ पौंडांचे बक्षीस जाहीर केले. १९२८ मध्ये स्वतंत्र क्लब स्थापन झाला आणि ‘अ‍ॅन्स सन’ या कुत्र्यावरून जातीचे मानक ठरले. यादवी युद्धातील राजपक्षीयांचे ‘कॅव्हेलियर’ हे नाव जातीला मिळाले. केनेल क्लबची स्वतंत्र मान्यता मात्र १९४५ मध्ये आली.

५/ स्वभावात दोन्ही वारसे टिकले. हा कुत्रा माणसाला चिकटून राहतो, अनोळखी पाहुण्याचेही स्वागत करतो. पण पाखरू दिसले की त्याच्यातला शिकारी जागा होतो.

६/ या पुनर्निर्मितीची किंमतही मोठी आहे. पाया मोजक्याच कुत्र्यांचा होता, दुसऱ्या महायुद्धात त्यांची संख्या आणखी घटली. पुढची पैदास जवळच्या नात्यांतच होत गेली. हृदयाच्या झडपेचा विकार या जातीत सर्रास आढळतो. मेंदूच्या मानाने कवटी अपुरी पडल्याने अनेकांना तीव्र वेदना सोसाव्या लागतात.

७/ २०२३ मध्ये नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने या जातीची शुद्ध पैदास प्राणीकल्याण कायद्याचा भंग ठरवली. आरोग्यासाठी अन्य जातींशी शास्त्रशुद्ध संकराची वाट खुली ठेवली. चित्रातले रूप जपायचे की जिवंत प्राण्याचे आरोग्य, हा प्रश्न आता पैदासकारांपुढे उभा आहे.