निसरड्या दगडाचे कूळ

नवतपा लागला की नागपुरात घामोळ्यांच्या पावडरीचे डबे बाहेर निघतात. पोराच्या मानेवर, पाठीवर पावडर थापली की घाम टिपला गेला, असे आपण धरून चालतो. त्या डब्यातला मुख्य ऐवज घाम फारसा टिपतच नाही. पाण्याशी त्याचे मुळात जमत नाही. कातडीवर कापड घासू न देणे हे त्याचे खरे काम. हा ऐवज म्हणजे शंखजिरे, बाजारात ज्याला टाल्क म्हणतात ते. पंक्चरवाल्याकडची नवी ट्यूब हाताला गुळगुळीत लागते आणि बोटे पांढरी होतात, तेही हेच.

डोलोमाइटसारख्या मॅग्नेशियमवाल्या खडकात सिलिका घेऊन ऊन पाणी शिरले की ते तयार होते. मॅग्नेशियमचा थर मधे, वर-खाली सिलिकाचे थर, असे पापुद्रे. त्यांच्यावर विद्युतभार नसतो, त्यामुळे ते एकमेकांना घट्ट धरत नाहीत, चोळले की सरकतात. मोह्सच्या काठिण्य-श्रेणीत याचा क्रमांक पहिला, म्हणजे सर्वांत मऊ. नखानेही ओरखडा उठतो. सिंधू संस्कृतीच्या कारागिरांनी याच जातीच्या दगडात मुद्रा कोरल्या आणि मग भाजल्या. भाजल्यावर हा मऊ दगड चांगलाच टणक होतो.

देशभरच्या खनिजांचा हिशेब नागपुरातच, सिव्हिल लाइन्सच्या भारतीय खाण ब्युरोत ठेवला जातो. टाल्कचा माल मात्र मुख्यतः राजस्थान आणि उत्तराखंडचा. आपल्या शेजारच्या भंडाऱ्यात सापडते ते पायरोफिलाइट: हाताला तसेच, पण मॅग्नेशियमच्या जागी ॲल्युमिनियम. २०१५ मध्ये केंद्राने टाल्क गौण खनिजांच्या यादीत टाकले. गौण म्हणावे असे त्याचे चरित्र नाही, पण सरकारी यादीला चरित्राशी काय करायचे?

शस्त्रक्रियेचे रबरी हातमोजे पटकन चढावेत म्हणून पूर्वी त्यांना टाल्क लावत. ती भुकटी पोटात सांडली की आतडी एकमेकांना चिकटत. शरीराला ती विरघळवता येत नाही. दाह होतो, भोवती व्रणाची ऊती धरते. बाहेर कशालाच चिकटू न देणारी वस्तू आत गेली की चिकटवते! मॉन्ट्रिअलचे शल्यचिकित्सक नॉर्मन बेथ्यून यांनी हाच स्वभाव कामाला लावला. फुप्फुसाचा रोगट भाग कापण्याआधी छातीत टाल्क फवारून फुप्फुस भिंतीला चिकटवण्याचे तंत्र त्यांनी १९३५ मध्ये मांडले. पुढे ते चीनला गेले आणि १९३९ मध्ये तिथेच वारले. १९३८ मध्ये चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकातले सोलापूरचे डॉ. कोटणीस नंतर बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले. त्याच पथकात नागपूरचे डॉ. एम. आर. चोळकरही होते. कोटणीस सिनेमामुळे घरोघरी पोचले. चोळकर नागपुरातसुद्धा फारसे पोचले नाहीत.

टाल्क जिथे तयार होते तिथेच कधी कधी ॲस्बेस्टॉसचे तंतूही असतात. पावडरीवरचे खटले मुख्यतः त्यावरून झाले. जॉन्सन अँड जॉन्सनने २०२३ मध्ये बेबी पावडरीत जगभर टाल्कऐवजी मक्याचा स्टार्च आणला. छातीत पुन्हापुन्हा पाणी भरणाऱ्या कर्करोगाच्या रुग्णांचे फुप्फुस भिंतीला चिकटवायला मात्र टाल्क अजून वापरात आहे: निर्जंतुक केलेले, ॲस्बेस्टॉसमुक्त, बारीक कण चाळून काढलेले, साधारण चार-पाच ग्रॅम.