काकांची सिगरेट आणि एक जुना आकडा

परवा सांगलीला गेलो होतो. घरच्या मंडळींना ठाऊकच आहे, बापूकाकांची अँजिओप्लास्टी होऊन चार महिने झाले. जेवण झाल्यावर काका शतपावलीला म्हणून गच्चीवर गेले. मागोमाग मी गेलो, तर त्यांच्या बोटांत सिगरेट! मी तोंड उघडायच्या आत काकांनीच मोबाईल पुढे केला. "वाच. अटॅकनंतर ओढणारेच जास्त वाचतात. संशोधन आहे!"

मला वाटलं, नेहमीसारखी कुठलीतरी फॉरवर्ड केलेली थाप असेल. पण रात्री शोधत बसलो तर आकडा चक्क खरा निघाला. म्हणून हा लेखप्रपंच.

एके काळी हार्ट अटॅकच्या रुग्णाला आठवडेच्या आठवडे अंथरुणात पडून राहायला लावत, बाकी फारसं काही हातात नसे. १९८०च्या दशकात चित्र पालटलं. हृदयाच्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी विरघळवणारी औषधं आली आणि त्यांच्या प्रचंड चाचण्या सुरू झाल्या. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या 'आयसिस-२'मध्ये १७,१८७ रुग्ण होते. (याच चाचणीत संशोधकांनी एक गंमत केली होती. रुग्णांची जन्मराशीनुसार विभागणी केली, तर मिथुन आणि तूळवाल्यांना अ‍ॅस्पिरिनचा फायदाच दिसेना! आकडे हवे तसे कापले की काय होतं, हे दाखवायलाच त्यांनी ते छापलं.)

मग १९९३ साली 'गस्टो' ही चाचणी आली. ४१,०२१ रुग्ण. तिचे आकडे पुन्हा तपासून १९९५ साली जो लेख निघाला, तोच काकांचा आधार. तीस दिवसांत दगावलेले: कधीच न ओढणाऱ्यांपैकी १०.३ टक्के, ओढणाऱ्यांपैकी ४ टक्के. म्हणजे निम्म्याहूनही कमी! अशा निष्कर्षांना नावही पडलं होतं, 'स्मोकर्स पॅरॅडॉक्स'.

पण मोबाईलवरचा मजकूर इथेच संपत होता आणि मूळ लेख पुढे होता. ओढणारे रुग्ण न ओढणाऱ्यांपेक्षा सरासरी अकरा वर्षांनी लहान होते. इतर दुखणीही त्यांना कमी होती. आता पंचावन्नचा गडी आणि सहासष्टचा म्हातारा एकाच आजारातून उठायला लागले, तर आधी कोण उठणार? त्यात सिगारेटनं रक्त गोठायची प्रवृत्ती वाढते. त्यामुळे वाहिनी फारशी अरुंद झालेली नसतानाही गुठळी होऊन ती बंद पडते, आणि गुठळीच मुख्य असेल तर ती विरघळवणारं औषध चांगलं लागू पडतं. थोडक्यात, ज्यानं आग लावली तोच 'बघा, किती लवकर विझली' म्हणतोय.

शिवाय हा सगळा हिशेब इस्पितळाच्या दारापासून सुरू होतो. वाटेतच गेले ते कुठल्याच रकान्यात नाहीत.

खरं तर काकांचा प्रश्न वेगळाच होता. अटॅक येऊन गेला, आता सोडून काय उपयोग? त्याचं उत्तर २००३ साली ज्युलिया क्रिचली आणि सायमन केपवेल यांनी वीस अभ्यास एकत्र करून दिलं आहे. हृदयविकार झाल्यावर ज्यांनी सोडली, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण ओढत राहणाऱ्यांपेक्षा सुमारे ३६ टक्क्यांनी कमी. गोळ्या चालू असताना नुसत्या न ओढण्यानं एवढा फरक पडत असेल असं मलाही वाटलं नव्हतं.

काल काकांना फोन करून हे सगळं सांगितलं. मध्ये एकदाही तोडलं नाही, हे नवलच. मग म्हणाले, "ती अकरा वर्षं पुन्हा सांग." मी सांगितली, ही सरासरी आहे, प्रत्येकाचं गणित वेगळं, हेही सांगितलं.

"तुझ्या आजोबांना अटॅक आला तेव्हा किती वर्षांचे होते रे ते?"

"सत्तरी ओलांडली होती की. तुम्हीच तर होता त्यांच्याजवळ."

"हं. आणि त्यांनी आयुष्यात सुपारीसुद्धा खाल्ली नाही." काकांना अटॅक आला तो चोपन्नाव्या वर्षी. थोडा वेळ पलीकडून नुसता पंख्याचा आवाज येत राहिला. मग, "काकू हाक मारत्येय, ठेवतो."

पाकिटाचं काय झालं ते विचारायचं राहूनच गेलं. येत्या रविवारी पुन्हा सांगलीला जायचं आहे.