थॅलिडोमाइडच्या नावातला डिंक

1957 साली पश्चिम जर्मनीत झोपेचे औषध म्हणून थॅलिडोमाइड विक्रीला आले. 1961 च्या अखेरीस ते मागे घ्यावे लागले, कारण गरोदर बायकांनी ते घेतल्याने जगभर हजारो बाळे हातापायांची व्यंगे घेऊन जन्मली. या नावाची धास्ती अजून गेलेली नाही.

नाव मात्र साधे, रसायनशास्त्राच्या बारशातले. ‘थॅलिमाइड’ आणि ‘ग्लुटारिमाइड’ हे रेणूचे दोन भाग काटछाट करून जोडलेले. ‘थॅल’ आला नॅप्थलीनमधून, म्हणजे कपड्यांच्या घडीत ठेवतात त्या डांबरगोळीतून. त्यापासून केलेल्या आम्लाच्या नावातले सुरुवातीचे ‘नॅ’ गळाले आणि ‘थॅलिक’ उरले.

‘ग्लुटार’चा माग अधिक गोड आहे. तो ग्लुटेनपर्यंत जातो. कणीक मळून पाण्यात धूत राहिले की पिठूळ पाणी वाहून जाते आणि बोटांना चिवट, रबरासारखा गोळा चिकटून राहतो, तोच ग्लुटेन. लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थच डिंक, सरस. इंग्रजीतला ‘ग्लू’ही त्याच घरचा.

आणि हे औषध खरोखरच डिंकाचे काम करते, हे कळायला अर्धशतक लागले. 2010 मध्ये जपानच्या ताकुमी इतो, हिरोशी हांडा आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की थॅलिडोमाइड पेशीतल्या सेरेब्लॉन या प्रथिनाला धरते. ग्लुटारिमाइडचे टोक सेरेब्लॉनच्या खोबणीत बसते, थॅलिमाइडचे टोक बाहेर डोकावते आणि एरवी तिथे न येणारे एखादे प्रथिन तिथे चिकटते. मग त्याच्यावर युबिक्विटिनची खूण चढते आणि पेशीची यंत्रणा त्याचे तुकडे करते. अशा रेणूंना आज संशोधक ‘मॉलिक्युलर ग्लू’ म्हणतात. जुन्या नावात तो शब्द आधीच दडलेला होता, हा निव्वळ योगायोग. पण मला तो विलक्षण सुंदर वाटतो.

नव्या रेणूंचा शोधही बराचसा याच दोन टोकांवर चालतो. ग्लुटारिमाइड बहुधा तसेच ठेवायचे, बाहेरचे टोक बदलत जायचे. थॅलिमाइडमध्ये किंचित फेरफार करून झालेले लेनालिडोमाइड मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कर्करोगात इकारोस आणि आयोलोस ही प्रथिने संपवते, हे 2014 मध्ये स्पष्ट झाले. सीसी-885 या रेणूच्या बाहेरच्या टोकाला जीएसपीटी-1 हे वेगळेच प्रथिन चिकटले. 2018 मध्ये गर्भाच्या हातापायांच्या वाढीला लागणारे सॉल-4 हे प्रथिनही थॅलिडोमाइडमुळे नष्ट होते, हे उघड झाले. तेव्हापासून या कुळातला नवा रेणू हाती आला की तो काय पकडतो याइतकेच सॉल-4 ला सोडतो का, हेही तपासले जाते.