हिमप्रदेशातील पादत्राण

अमळनेरच्या पायांना चटका ठाऊक आहे, हिमाचा गारठा नाही. वैशाखात सखाराम महाराजांच्या यात्रेला बोरी नदीच्या वाळवंटात वहाणा काढून उभे राहिलेल्या माणसाला पादत्राणाचे प्रयोजन निराळे समजावून द्यावे लागत नाही. त्यामुळे कॅनडात स्थायिक झालेल्या आमच्या एका भाच्याने, स्नोमोबाइलवर बसण्यासाठी कोणते बूट घ्यावेत, असा प्रश्न आम्हांस केला तेव्हा घरात हशा पिकला. प्रश्न चुकीच्या गावी आला होता, यात शंका नाही. परंतु उत्तर शोधण्याच्या निमित्ताने जुने वाचन पुन्हा चाळू लागलो आणि ध्यानात आले की हा प्रश्न आपल्याकडच्या माणसांना शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच पडला होता, आणि तेव्हा तो हौसेचा नव्हता.

पहिल्या महायुद्धात हिंदी सैन्य १९१४ च्या शरद ऋतूत फ्रान्समध्ये उतरले. खडकीच्या थर्ड सॅपर्स अँड मायनर्सच्या विसाव्या व एकविसाव्या कंपन्या २८ ऑक्टोबर १९१४ रोजी नव्ह शापेल येथे लढल्या. अंगात सुती खाकी असलेली ही माणसे त्यानंतरच्या हिवाळ्यात चिखलपाण्याने भरलेल्या खंदकांत उभी होती. तेथे जो रोग फैलावला त्याला ट्रेंच फूट म्हणतात. त्याला बर्फाची गरज लागत नाही. तापमान शून्याच्या वर असले तरी तासन्‌तास ओल्या, आवळलेल्या बुटात राहिलेला पाय बधिर होतो, सुजतो, आणि दुर्लक्ष झाल्यास सडतो. पिंडरीला घट्ट गुंडाळलेली पट्टी रक्ताची वाट अडवून त्यात भर घालीत असे. उपाय म्हणून पुढे जे हुकूम निघाले ते वाचताना मौज वाटते: मोजे बदला, पाय कोरडे करा, देवमाशाचे तेल चोळा, पट्टी सैल बांधा. साम्राज्याच्या सेनेला एवढी साधी गोष्ट शिकण्यासाठी किती पाय खर्ची घालावे लागले!

स्कँडिनेव्हियाच्या उत्तरेकडील सामी लोकांना मात्र ती पिढ्यान्‌पिढ्या माहीत होती. रेनडिअरच्या केसाळ कातड्याचा त्यांचा जोडा सैल असे आणि आत सुकवलेले गवत भरलेले असे. गवत घाम शोषून घेई. रात्री ते बाहेर काढून वाळवावयाचे, सकाळी पुन्हा भरावयाचे. दक्षिण ध्रुवाकडे निघालेल्या स्कॉटच्या तुकडीनेही हेच जोडे वापरले. आजच्या हिमबुटातील, बाहेर काढून सुकवता येणारे जाड अस्तर हे आमच्या मते त्या गवताचेच वंशज होय.

आणि तरीही १९६२ साल आले. २० ऑक्टोबरला नामका चू नदीकाठी, दहा हजार फुटांहून अधिक उंचीवर, चिनी हल्ला झाला तेव्हा आपल्या कित्येक जवानांच्या अंगात उन्हाळी सुती गणवेश आणि पायांत कॅनव्हासचे बूट होते. तेथील ब्रिगेडचे प्रमुख जॉन दळवी कैद झाले. १९६९ साली त्यांनी ‘हिमालयन ब्लंडर’ हे पुस्तक लिहून या दुर्दशेचा पाढा वाचला. त्या पराभवावर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. नेहरू, मेनन, कौल यांच्या चुकांची चर्चा अद्याप संपत नाही. बुटांना मात्र त्यात सहसा एखादे वाक्य मिळते. आम्हांला हे प्रमाण उलटे वाटते. नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस गेले. हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावला, हे आम्ही शाळेपासून ऐकत आलो. त्या हाकेत कोरड्या, उबदार बुटांची मागणीही होती, हे कोणी सांगितले नाही. पुढे १३ एप्रिल १९८४ रोजी सियाचिनची मोहीम सुरू झाली. तेथे शत्रूच्या गोळ्यांपेक्षा थंडीने व हिमकड्यांनी अधिक बळी घेतले. बर्फावर पळणारी स्कूटरही आपल्या सैन्याने तेथेच वापरली.

हे वाहन जोसेफ आर्मांड बोंबार्दिए यांनी १९५९ साली क्वेबेकमध्ये ‘स्की-डू’ या नावाने बाजारात आणले. त्याची एक खोड भाच्याच्या कामाची आहे. चालणारा माणूस चालण्याने स्वतःचे पाय ऊन ठेवतो. येथे माणूस बसलेला, पाय निश्चल, आणि समोरून बोचरा वारा. म्हणून पदभ्रमणाला पुरणारा बूट येथे पुरत नाही. तळ व खालचा भाग रबराचा, अस्तर सुटे, नळी उंच, आणि आत बोटे हलतील एवढी मोकळी जागा, असा बूट हवा. उबेसाठी मोज्यांवर मोजे चढवणे हा तर घातच: पाय आवळला जातो, आणि ऊब धरून ठेवणारी हवा आत उरत नाही. लोकरीचा एक जाड जोड पुरे.

सुती मोजे मुळीच नकोत. कापूस घाम पितो, धरून ठेवतो, आणि ओला झाला की ऊब देत नाही. काळ्या मातीत कापूस पिकवणाऱ्या खानदेशातल्या, त्यातून प्रताप मिलच्या गावच्या माणसांनी हे लिहावे, याचा थोडा संकोच वाटला. पण नव्ह शापेल आणि नामका चू, दोन्हीकडे अंगावर सूतच होते.

भाच्याचे उत्तर आले. बूट एक माप मोठे घेतले. दुकानदाराने सोबत दिलेले सुती मोजे अमळनेरला पाठवू का, असे विचारतो आहे.