विजेचा सूर आणि त्याचा श्रोता

संगीताचा इतिहास लिहितांना गायक, वादक आणि वाद्यें यांची गणना होते. श्रोता मात्र बहुधा अनुल्लेखितच राहतो. ज्याच्या मानेच्या एका हालचालीनें गवयाला पुढची तान सुचते, त्याला ग्रंथांत ओळभरहि जागा मिळत नाहीं. परंतु एक संगीत असें आहे कीं, श्रोत्याला वगळून त्याचा इतिहास सांगतांच येत नाहीं. विजेच्या साहाय्यानें नवे नाद निर्माण करून, श्रोत्यांच्या समक्ष त्यांचे प्रयोग करणारें संगीत, तें हें होय.

त्याचें मर्म ध्यानांत येण्यासाठीं प्रथम जुन्नर तालुक्यांतील बोरी बुद्रुक या कुकडीकाठच्या गांवाकडे वळणें सोयीचें होईल. विद्वानांना हें गांव माहीत आहे तें नदीच्या थरांत सांपडलेल्या ज्वालामुखीच्या राखेमुळें आणि अश्मयुगीन हत्यारांमुळें. परंतु या टापूची दुसरी ख्याति कानाची आहे. जवळचें नारायणगांव म्हणजे तमाशाची पंढरी. गुढीपाडव्याच्या सुमारास तेथें फडमालकांच्या राहुट्या पडतात आणि गांवोगांवचे पुढारी येऊन आपापल्या यात्रेची सुपारी देतात. विठाबाई भाऊ मांग नारायणगांवकर (१९३५-२००२) यांचें नांव याच मातीनें महाराष्ट्रभर नेलें.

या तमाशाच्या श्रोत्याचा अनुभव अगदीं रोखठोक असतो. ढोलकीवर थाप पडते, ती पाडणारा हात त्याला दिसतो. तुणतुण्याची तार छेडणारें बोट दिसतें. नाद कोठून आला याविषयीं त्याच्या मनांत संदेह नसतो, आणि म्हणूनच दाद किंवा नापसंती देण्यास त्याला क्षणाचाहि विलंब लागत नाहीं. पुढें फडांत ध्वनिक्षेपक आला. तेव्हां वीज ही नादाची केवळ वाहक होती. मागाहून विजेची पेटी व ऑक्टोपॅड आले आणि वीज नादाची जननी झाली. तरीहि श्रोता बिचकला नाहीं. कारण थाप मारणारा हात त्याला पूर्वीप्रमाणेंच दिसत होता.

हाच हात जेथें दिसेनासा होतो, तेथें नव्या संगीताच्या श्रोत्याची परीक्षा सुरू होते. १९२० च्या सुमारास रशियांतील शास्त्रज्ञ लेव्ह तेरमेन यांनीं एक वाद्य सिद्ध केलें. वादक त्याला स्पर्श करीत नाहीं. वाद्याच्या दोन दांड्यांभोंवतीं तो हवेंत हात हलवितो आणि त्यासरशीं स्वर चढतो, उतरतो, लहानमोठा होतो. हात अजून होता, पण स्पर्श गेला होता. १९४८ सालीं पॅरिसच्या नभोवाणींत काम करणाऱ्या पिएर शेफर यांनीं आगगाडीचे मुद्रित आवाज जोडून एक संगीतरचना केली. अशा रचना पुढें सभागृहांत ऐकविल्या जाऊं लागल्या, तेव्हां तर हातहि नाहींसा झाला. व्यासपीठ रिकामें, समोर केवळ ध्वनिक्षेपक. रचना संपल्यावर टाळी वाजवावी तरी कोणासाठीं, असा पेंच श्रोत्यापुढें पडला.

हा पेंच सोडविण्याचा एक यत्न अमेरिकन संगीतकार जॉन केज यांनीं केला. १९६० सालच्या त्यांच्या एका रचनेंत ग्रामोफोनच्या ध्वनिग्राहकांत सुईऐवजीं तारा, काड्या, स्प्रिंगा अशा वस्तु बसवून वादक त्या घांसतात, टिचकावतात. आणि एरवीं कानाला न कळणारा तो सूक्ष्म आवाज ध्वनिवर्धकांतून प्रचंड होऊन बाहेर पडतो. हात पुनः दृष्टीस पडला. परंतु आतां एक नवें नवल उभें राहिलें. हाताची हालचाल इवलीशी, आणि नाद मात्र डोंगर कोसळल्यासारखा! डोळ्यांची साक्ष व कानांची साक्ष एकमेकींशीं जुळेना.

भारताशीं या प्रवाहाचा संबंध जुना आहे. १९४६ सालीं अहमदाबादच्या गीता साराभाई न्यूयॉर्क येथें असतां त्यांनीं केज यांना हिंदी संगीत शिकविलें व त्यांच्याकडून पाश्चात्य रचनाशास्त्र शिकून घेतलें. १९६४ सालीं मर्स कनिंगहॅम यांचें नृत्यपथक जागतिक दौऱ्यावर निघालें. केज आणि त्यांचे सहकारी डेव्हिड ट्यूडर हे त्याचे संगीतकार होते. मुंबई, अहमदाबाद, चंदिगड व दिल्ली येथें त्याचे प्रयोग झाले. ज्या मुंबईनें अब्दुल करीमखां व अल्लादियाखां यांच्या मैफली ऐकिल्या होत्या, तिच्या कानावर हे नाद असे समक्ष पडले.

अशा प्रयोगास बसलेल्या श्रोत्याची मनःस्थिति कशी असते? प्रथम तो आवाजाचें उगमस्थान शोधूं लागतो. तें सांपडत नाहीं. मग तो सम शोधतो; तीहि येत नाहीं. कांहीं श्रोते याच सुमारास उठून जातात, आणि त्यांना दोष देण्याचें कारण नाहीं. कानठळ्या बसविणाऱ्या प्रत्येक कल्लोळाला कला मानलेंच पाहिजे असा नियम नाहीं. परंतु जो बसून राहतो, त्याचा शोध हळूहळू थांबतो आणि ऐकणें सुरू होतें. खर्जांतला नाद कानाआधीं छातींत जाणवतो. सेकंदाला ४४० कंपनांचा एक स्वर व ४४३ कंपनांचा दुसरा एकत्र वाजले, कीं सेकंदास तीन आंदोलनें उमटतात आणि स्थिर भासणारा नाद श्वास घेऊं लागतो. हा अनुभव आपल्याकडील रसिकास सर्वस्वीं परका नाहीं. तंबोरा जुळवितांना दोन जोडीच्या तारांमधील अशीच थरथर विरत जातांना त्यानें कितीदां तरी ऐकलेली असते.

म्हणजे भूमि तयार होती. बी पेरण्याचाहि यत्न झाला. १९६९ सालीं ट्यूडर यांच्या साहाय्यानें अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेंत मूग सिंथेसायझर बसवून विद्युत्संगीताची कार्यशाळा उभारण्यांत आली. गीता साराभाई, अतुल देसाई, जिनराज जोशीपुरा, आय. एस. माथुर व एस. सी. शर्मा यांनीं तेथें रचना केल्या. तीनचार वर्षांत तें कार्य थांबलें आणि ध्वनिफिती संग्रहांत पडून राहिल्या. सुमारें साडेचार दशकांनीं इंग्लंडमधील कलावंत पॉल पर्गस यांनीं त्या शोधून काढल्या, व १९६९ ते १९७२ या काळांतील निवडक रचना २०२३ सालीं जगापुढें आल्या.

मुंबईची कथा याहून बोलकी आहे. चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वादन करणारे चरणजित सिंग यांनीं १९८२ सालीं रोलंड कंपनीचे तीन विद्युत्-वाद्ययंत्र जुळवून दहा राग एका अखंड यांत्रिक ठेक्यावर वाजविले. भैरव, ललत, भूपाळी अशा परिचित रागांना त्यांनीं हा नवा वेष चढविला. ध्वनिमुद्रिका निघाली, पण तिला गिऱ्हाईक लाभलें नाहीं. रागाच्या जाणकाराला ती यंत्राची वाटली, आणि नाचणाऱ्याला रागाची. वीस वर्षांनीं, २००२ सालीं, एडो बाउमन या डच संग्राहकाला तिची एक प्रत दिल्लींत मिळाली. त्यानें मुंबईंत येऊन वादकाला शोधून काढलें, आणि २०१० सालीं ती ध्वनिमुद्रिका पुनः प्रसिद्ध केली. सत्तरीच्या उंबरठ्यावर असलेल्या चरणजित सिंग यांना युरोपांतून आमंत्रणें आलीं. ज्या रागांना घरीं कोणी विचारलें नव्हतें, त्यांच्यावर तेथील तरुण श्रोते त्यांच्या समक्ष नाचले. २०१५ सालीं त्यांचें निधन झालें. एका रसिकाच्या चिकाटीमुळें त्यांना आपला श्रोता डोळ्यांनीं पाहतां आला, एवढेंच समाधान.

या दोन्ही कथांचें तात्पर्य एकच आहे. अहमदाबादेस यंत्र होतें व कलावंतहि होते. मुंबईस कलावंताचें धैर्य होतें. दोन्हीकडे उणीव होती ती मेळाव्याची. बोरीसारख्या गांवची यात्रा वर्षानुवर्षें त्याच मैदानांत भरते, म्हणून तमाशाला आपल्या श्रोत्याची खात्री असते. श्रोता चुकला तर शिकतो, कलावंत चुकला तर श्रोता त्याला शिकवितो. विद्युत्संगीताला आपल्याकडे असें मैदान मिळालें नाहीं. ध्वनिफीत चाळीस वर्षें कपाटांत वाट पाहूं शकते. समक्ष प्रयोगाचा क्षण मात्र तेव्हांच ऐकणारा नसेल तर कायमचा जातो.

आणि विजेच्या नादासाठीं कान देऊन बसण्याची विद्या कुकडीच्या खोऱ्याला मुळींच अपरिचित नाहीं. याच टापूंत खोडद येथें प्राध्यापक गोविंद स्वरूप यांच्या प्रेरणेनें प्रचंड रेडिओ दुर्बीण उभी राहिली. प्रत्येकीं ४५ मीटर व्यासाच्या तिच्या ३० थाळ्या सुमारें २५ किलोमीटरच्या विस्तारांत पसरल्या असून, पल्सर नांवाच्या ताऱ्यांची नियमित स्पंदनेंहि त्या टिपतात. हीं स्पंदनें ध्वनिक्षेपकांत सोडलीं, तर ढोलकीच्या ठेक्यासारखीच टकटक ऐकूं येते. फ्रेंच संगीतकार जेरार ग्रिझे यांनीं १९९१ सालीं श्रोत्यांभोंवतीं सहा तालवादक बसविले आणि पल्सरचा ठेका रेडिओ दुर्बिणीकडून सभागृहांत आणून त्यांच्या साथीला दिला. जो वादक कोणाच्याच दृष्टीस पडणार नाहीं, ज्याचा हात कित्येक प्रकाशवर्षें दूर आहे, त्याचा ताल त्या रात्रीं माणसांनीं एकत्र बसून ऐकला.

खोडदच्या थाळ्या आकाशाकडे तोंड करून रात्रभर ऐकत असतात, आणि यात्रेच्या दिवसांत त्याच खोऱ्यांत माणसें ढोलकीसाठीं रात्र जागवितात. अपरिचित नादाला क्षणभर थारा देणारे असे श्रोते जेथें एकत्र जमतील, तेथेंच विजेच्या सुराला घर मिळेल.